नरसाळ्यात कोण पडतं? शून्य पातळीच्या पात्रांबद्दल

माझ्या पीएच.डी.चा विषय एका वाक्यात सांगायचा तर, खेळांच्या नियमपुस्तिका साहित्य म्हणून वाचणं. कादंबरीत पात्र कसं घडतं यावर मराठीत भरपूर लिहून झालंय. पण ज्या पुस्तकात पात्र घडवायची कृतीच दिलेली असते, सहा आकडे, एक धंदा, खिशात इतकी नाणी, ते पुस्तक माणसाबद्दल काय समजतं, हे फारसं कुणी विचारत नाही. आज त्यातल्या एका छोट्या नियमाबद्दल लिहिते. विषय बारीक आहे, पण थोडा वेळ सोबत बसा.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेऊन खेळतात. सूत्रधार सांगतो, "समोर भुयार आहे, आतून पाण्याचा आवाज येतोय." तुम्ही सांगता, "मी मशाल पुढे धरून वाकून बघते." जमलं की नाही हे फासा ठरवतो. पात्र टिकलं की त्याला अनुभवाचे गुण मिळतात आणि ठराविक गुण झाले की ते एक पातळी वर चढतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला पहिला छापील खेळ, १९७४ चा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते.

त्या १९७४ च्या पुस्तिकांमध्ये एक गंमत आहे. पहिल्या पातळीच्या लढवय्याला तिथे ‘व्हेटरन’ म्हटलंय, म्हणजे मुरलेला गडी. खेळाची सुरुवातच मुरलेल्या माणसापासून! मग त्याच्या खाली कोण? खाली साधी माणसं. मशाल धरणारा, ओझं उचलणारा, गावातला शेतकरी. पुढच्या आवृत्तीत त्यांना ‘शून्य पातळी’ असं रीतसर नाव मिळालं. ती रोजानं मिळायची, भुयारात पुढे चालायची आणि सापळा असला तर आधी मरायची. त्यांना पात्र म्हणून खेळावं असं सुरुवातीला कुणाच्या डोक्यात नव्हतं.

माझा प्रश्न इथेच सुरू होतो. शून्यातून एकावर जायचं कसं? एकापासून दहापर्यंत जायचे तक्ते प्रत्येक पुस्तकात आहेत. ही पहिली पायरी मात्र बहुतेक ठिकाणी गाळलेली आहे. माणूस आधीच लढवय्या असतो, आधीच जादूगार असतो. तो तसा कसा झाला हे तुम्ही मागच्या आयुष्याची गोष्ट म्हणून दोन ओळींत लिहून टाकायचं.

ज्यांनी ही पायरी गाळली नाही अशी दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघू.

पहिलं १९८७ चं, ॲरन ऑल्स्टन यांचं ‘ट्रेझर हंट’. तुमची पात्रं म्हणजे गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवलेली सामान्य माणसं. जहाज फुटतं आणि ती एका बेटावर अडकतात. कुणालाही ‘क्लास’ नाही. क्लास म्हणजे लढवय्या, चोर, जादूगार, पुजारी यांपैकी तुम्ही कोण ते. खेळता खेळता तुम्ही काय करून बघता याकडे सूत्रधारानं लक्ष ठेवायचं. कुलूप उघडायला बसलात? जखमी माणसाजवळ थांबलात? त्यातून तुमचा क्लास ठरत जातो. दुसऱ्याच वर्षी, १९८८ मध्ये, ‘ग्रेहॉक ॲडव्हेंचर्स’ या पुस्तकाच्या शेवटी शून्य पातळीचे नियम जोडले गेले. तेही याच वळणाचे, फक्त जास्त कोरडे.

दुसरं २०१२ चं, गुडमन गेम्सचं ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’. यातली पद्धत आज सगळ्यात प्रसिद्ध आहे आणि तिचं नाव आहे ‘फनेल’, म्हणजे आपलं नरसाळं. (मला आधी तिफणीचं चाडं आठवलं होतं. पण चाड्यात टाकलेलं प्रत्येक बी जमिनीत पोचावं अशी अपेक्षा असते. इथे नेमकं उलट आहे, म्हणून नरसाळंच बरं.) प्रत्येक खेळाडूला एक नाही, तीन-चार पात्रं मिळतात. सहाही गुण तीन फाशांनी, पडतील त्याच क्रमानं. जीव चारबाजूंच्या एका फाशाइतका, म्हणजे एक ते चार. धंदा शंभर ओळींच्या तक्त्यातून. खिशात थोडी तांब्याची नाणी. मग या पंधरा-वीस जणांना भुयारात सोडायचं. बरेचसे मरतात. जे वाचून बाहेर येतात त्यांना पहिल्या पातळीला लागणारे १० अनुभव-गुण मिळतात आणि ते आपला क्लास निवडतात.

तर एका पुस्तकात तुम्ही जे केलंत त्यावरून वर जाता आणि दुसऱ्यात फक्त वाचलात म्हणून. समीक्षक म्हणून माझं झुकतं माप पहिल्याकडे असायला हवं, आणि कागदावर ते आहेच. ऑल्स्टन यांची रचना माणसाला जास्त मान देते. पण मी दोन्ही टेबलावर खेळून बघितलीत, आणि टेबलावर नरसाळं जास्त जिवंत होतं हे मान्य करावंच लागतं. ‘ट्रेझर हंट’मध्ये खेळाडूंना थोड्याच वेळात कळतं की सूत्रधार आपल्याकडे बघतोय, मग ते परीक्षेला बसल्यासारखे वागू लागतात. जादूगार व्हायचंय म्हणून उगाच जुनी पोथी उघडून बसतात. नरसाळ्यात असलं काही सुचायला वेळच नसतो.

आता खेळ कुठे खेळला ते सांगते, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. भंडारा जिल्ह्यात, लाखनीजवळच्या एका गावात, दिवाळीनंतर. धान कापून झालेलं, मंडईचे दिवस, रात्री नाटकं, म्हणून दिवसा पोट्टे मोकळे. खेळायला माझे मामेभाऊ, एक आतेबहीण आणि त्यांचे मित्र, एकूण सहा जण, दहावी ते बी.ए.च्या वयाचे. बहुबाजूंचे फासे भंडाऱ्यात दुकानात मिळत नाहीत, आणि या खेळाला तर सात, चोवीस आणि तीस बाजूंचेही फासे लागतात. ही नुसती चैन आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही तंबोल्याच्या डब्यातल्या एक ते वीस सोंगट्या पिशवीत घातल्या आणि काढून परत टाकत गेलो. वीसबाजूंचा फासा तयार. दहाबाजूंच्या फाशासाठी त्यातल्याच दहा.

चारबाजूंच्या फाशासाठी मात्र घरचीच सोय होती, चार चिंचोके. अष्टाचंगा खेळला असेल तर तुम्हाला माहीत आहेच. चिंचोके फोडून अर्धे करायचे, चार अर्धुके टाकायची, जितकी पांढरी बाजू वर तितकं दान. चारही पांढरी तर चार, एकही नाही तर आठ. गणित करून बघा, मजा येते. एक पडण्याची शक्यता सोळात चार, दोनाची सोळात सहा, तिनाची सोळात चार, चाराची सोळात एक, आठाची सोळात एक. सरासरी काढली की येते अडीच. चारबाजूंच्या साध्या फाशाची सरासरीही अडीचच! म्हणजे आमच्या शून्य पातळीच्या माणसाचा जीव सरासरीनं अमेरिकेतल्या माणसाइतकाच राहिला. फरक एवढाच की सोळात एखादा आठ जीव घेऊन जन्माला यायचा आणि मग टेबलावर सगळे ओरडायचे.

अष्टाचंग्याचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट. बऱ्याच घरांत असा नियम असतो की समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय तुमची सोंगटी आतल्या घरांत जात नाही. बाहेरच फिरत राहते. पहिली पातळी मिळवण्याचा इतका थेट नियम मला कुठल्या इंग्रजी पुस्तकात दिसला नाही. आमच्या टेबलावरच्या पोरांनी म्हणूनच सुरुवातीला विचारलं, "किती मारले की वर जातो?" आणि मारायची गरज नाही, फक्त जिवंत बाहेर यायचं, असं सांगितल्यावर आतेबहीण म्हणाली, "मंग हे तं भरतीसारखं हाय."

भरती म्हणजे पोलीस भरती. पहाटे मैदानावर पोरं-पोरी घड्याळ लावून पळताना बघितली असतील तर तिला काय म्हणायचं होतं ते कळेल. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, मग १०० मीटर, मग गोळाफेक. वरून हजारो ओतायचे, खालून मोजके निघतील. नरसाळ्याची कल्पना या टेबलाला समजावून सांगावी लागलीच नाही.

पण त्यामुळेच खेळाचा सूर बदलला. ‘डंजन क्रॉल’चं पुस्तक मरणाकडे विनोद म्हणून बघतं. चार पात्रं दिली आहेत, तीन गेली तरी हसा. अमेरिकन टेबलावर ते जमत असेल. आमच्याकडे पहिला मेला, जीव दोन, छतावरून दगड, आणि कुणी हसलं नाही. मामेभाऊ म्हणाला, "याले इथंच सोडून जाचं का?" मग उरलेल्यांनी प्रेत उचललं. पुढच्या तासभरात तीन प्रेतं झाली, तरी ती सोबतच. दोघांचे हात ओझ्यात अडकलेले, मशाल कुणाकडे हा वाद. नियमपुस्तिकेत मेलेल्याचं सामान वाचलेल्यांनी घ्यायची सोय आहे. मेलेल्याच्या घरी कुणी सांगायचं, यावर एक ओळ नाही. आणि टेबलाला तर तेच आधी विचारायचं होतं.

हा दोष छोटा वाटेल, पण माझ्या मते तो पद्धतीच्या मुळाशी आहे. चार पात्रं देण्यामागे हिशेब असा की खेळाडूचं कुणावरच प्रेम बसू नये. ‘कुणीही’ मरावं आणि एक ‘कुणीतरी’ उरावा. नरसाळं टिकतं ते या हिशेबावर. पण ज्या टेबलावर बसलेल्यांना आपण स्वतः त्या ‘कुणीही’मध्ये मोडतो हे पक्कं माहीत आहे, तिथे तो हिशेब बसत नाही.

आता धंद्यांच्या तक्त्याकडे येते. खरा प्रबंध इथे आहे.

मूळ तक्त्यात शंभर ओळींवर मधुमक्षिकापालक, चीज करणारा, न्हावी, थडगी खोदणारा, विणकर असे लोक आहेत. प्रत्येकाला एक हत्यार आणि एक वस्तू. शेतकरी पडला तर आठबाजूंचा आणखी एक फासा टाकायचा, पीक ठरवायला. बटाटा, गहू, सलगम, मका असं करत पाचव्या आकड्यावर भात. आठात एक भात! आमच्याकडे हे वाचून दाखवल्यावर जो हशा पिकला तो त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा.

भंडाऱ्यात शेतकऱ्याला ‘काय पिकवतोस’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. उत्तर बहुतेक धानच असतं. उपयोगाचा प्रश्न आहे, ‘कुणाच्या बांधीत?’ म्हणून मी तो उपतक्ता बदलला. स्वतःची जमीन, ठेक्यानं किंवा बटईनं घेतलेली, रोजमजुरी, आणि सालदार. एवढ्यानंच पात्रं वेगळी झाली. सालदार पडलेल्या पोरानं भुयाराच्या दाराशीच जाहीर केलं की मालकानं पाठवलंय म्हणून मी आलो, सोनं सापडलं तरी माझं नाही. कथानकाला लागणारं एवढं वजन पिकाच्या नावातून आलं नसतं.

मूळ तक्त्यात ‘गॉन्गफार्मर’ अशीही एक ओळ आहे. जुन्या इंग्लंडमधला शौचकूप उपसणारा. हत्यार म्हणून थापी आणि सामान म्हणून मैल्याचं पोतं. इंग्रजी खेळाडूंमध्ये ही ओळ म्हणजे ठरलेला विनोद. मैल्याचं पोतं राक्षसाच्या तोंडावर फेकल्याच्या गोष्टी ते आवडीनं सांगतात. ज्या देशात हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध २०१३ साली पुन्हा नव्यानं कायदा करावा लागला, तिथे ही ओळ वाचताना हसू येत नाही. ती लिहिणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्यासाठी हा धंदा इतिहासजमा झालाय आणि त्याला कुठल्या एका समाजाचं नाव चिकटलेलं नाही. आपल्याकडे चिकटलेलं आहे. मी ती ओळ भाषांतरित केली नाही. तिच्याऐवजी दुसरं काही घातलंही नाही, जागा रिकामी ठेवली.

जात इथून टेबलावर येते. तिला कुणी बोलावलेलं नव्हतं. शंभर धंद्यांचा तक्ता आणि एक फासा म्हणजे अमेरिकन वाचकासाठी निव्वळ योगायोग. कुणीही कुठेही जन्मू शकतो, कुठलंही काम करू शकतो, असं तो तक्ता गृहीत धरतो. भंडाऱ्याचा तक्ता करायला बसलं की प्रत्येक ओळीमागे एक आडनावांची यादी उभी राहते. तलाव बांधणारे म्हटलं की कोहळी. मोहाडीकडचा कोसा विणणारे म्हटलं की कोष्टी. मासे आणि शिंगाडे म्हटलं की ढिवर. पितळेची भांडी घडवणारे म्हटलं की आणखी कुणी. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हेच दाखवून दिलं होतं, की जात नुसती कामं वाटत नाही, काम करणारी माणसंच एकावर एक रचते. (याच भंडाऱ्यातून ते १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आमच्या भागात ही गोष्ट अजून बोलली जाते.)

मी तक्त्यात कुठल्याच समाजाचं नाव लिहिलं नव्हतं, फक्त काम लिहिलं होतं. ‘तलावात जाळं टाकणारा: हत्यार गळाची काठी, सामान जाळं.’ बारावीतल्या एका मुलासाठी सोंगट्या काढल्या आणि नेमकी तीच ओळ आली. त्याच्या घरी तेच काम चालतं. टेबल क्षणभर गप्प. मग तो म्हणाला, "ताई, खेळात तरी दुसरं काही द्या ना."

मी त्याला दुसरा धंदा काढायला सांगितलं. त्याला नवी ओळ मिळाली, वीटभट्टीवरचा भाजणारा. तेवढ्यात शेजारची मुलगी म्हणाली, मला तिच्या उलट पाहिजे. तिची आई बिड्या वळते. तक्त्यात बिडीवालीची ओळ होती, कात्री आणि दोऱ्याचं रीळ. तिला ती फाशाशिवाय हवी होती. "आईच्या हातचा स्पीड मले माहीत हाय," असं तिचं कारण. तिलाही दिली. एकाला आपलं काम खेळात नको आणि दुसरीला तेच हवं. नियम म्हणून विचार करायला बसले तर यावरून दोन वेगळी पुस्तकं लिहावी लागतील.

इथे ‘डंजन क्रॉल’च्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. या खेळात तुमचा जुना धंदा वर चढल्यावर पुसला जात नाही. धंद्याशी संबंधित काम असेल तर तुम्ही वीसबाजूंचा फासा टाकता, नसेल तर दहाबाजूंचा. दहाव्या पातळीचा जादूगार झालात तरी विणकर असाल तर गाठ सोडवताना वीसच. मला हा पुस्तकातला सगळ्यात शहाणा नियम वाटतो. शिकलेला माणूस आधी कोण होता हे हातांना आठवतं, एवढंच तो म्हणतो. चढणं म्हणजे मागचं धुऊन टाकणं, असं म्हणत नाही. आमच्या टेबलावर बिडीवालीनं बांधलेल्या दोऱ्यावर पाच जण खाली उतरले. तिच्या पिशवीतून सतरा निघाला होता. पुढच्याच खोलीत एका जिवाची ती बाई विषारी पाण्यानं मेली, आणि ती खेळणारी मुलगी बराच वेळ कुणाशी बोलली नाही.

(विषारी पाणी माझी कल्पना नव्हे. तुमसरजवळच्या आंबागडाबद्दल सांगतात की भोसल्यांच्या काळात तिथे कैदी ठेवत आणि त्यांना आतल्या विहिरीचं सडकं पाणी प्यायला लावत. मी भुयार तिथलंच धरलं होतं. चिनी वाड्यापेक्षा किंवा युरोपातल्या मनोऱ्यापेक्षा ही जागा पोरांना लगेच डोळ्यांसमोर आली.)

पण याच पुस्तकात दुसरी एक तरतूद आहे आणि ती मला पचत नाही. धंद्यांच्या तक्त्यात ‘एल्फ कारागीर’, ‘ड्वॉर्फ लोहार’ अशाही ओळी आहेत. मनुष्य असाल तर वाचल्यावर क्लास निवडायला मोकळे. एल्फ किंवा ड्वॉर्फ असाल तर मोकळीक नाही. तुमचा वंश हाच तुमचा क्लास. ड्वॉर्फ जादूगार होऊ शकत नाही, तो ड्वॉर्फच होतो. हे जुन्या खेळांवरचं प्रेम म्हणून मुद्दाम ठेवलंय, आणि इंग्रजीत यावर चर्चा होते ती चवीची असते, जुनं चांगलं की नवं. मराठीत या नियमाचं भाषांतर करायला घ्या. ‘क्लास’ला वर्ग म्हणाल तर शाळेतला वाटतो. ‘रेस’ला वंश म्हणाल तर पुस्तकी. आमच्या पोरांनी एका मिनिटात आपलं भाषांतर केलं, "म्हणजे त्याची जात हेच त्याचं काम." मी दुरुस्त करायला काही सापडतं का बघितलं. सापडलं नाही.

नव्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’नं हे सोडवलंय असं सांगितलं जातं. २०२४ च्या आवृत्तीत ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ केला, आणि वंशावरून ताकद किंवा बुद्धी वाढवायची पद्धत बंद केली. बरं झालं. पण ती वाढ गेली कुठे? ‘बॅकग्राउंड’कडे, म्हणजे पात्र आधी काय करायचं त्याकडे. शेतकरी असाल तर वाढ शक्ती, चिवटपणा आणि शहाणपण या तिघांतच. लेखनिक असाल तर चपळाई, बुद्धी, शहाणपण. पहिली पातळी सुरू होण्याआधीच ठरलं की शेतकऱ्याची बुद्धी त्याच्या कामातून वाढत नाही. रक्तातून काढलेली गोष्ट धंद्यात ठेवली. न्यूयॉर्कमधल्या खेळाडूला यात सुटका दिसेल, कारण त्याच्या डोक्यात धंदा निवडायचा असतो. भंडाऱ्यात बसून वाचताना गोष्ट जिथून निघाली तिथेच फिरून आली असं वाटतं. सूत्रधाराला स्वतःची पार्श्वभूमी रचायची मुभा आहे, हे खरं. पण पुस्तकात छापलेलं आधी वाचलं जातं.

मग करायचं काय? मी नियम लिहिणारी नाही, वाचणारी आहे. तरी टेबलावर काही ठरवावं लागतं. दुसऱ्या डावापासून आम्ही असं केलं. धंदा फाशानं काढायचा, पण एकदा ‘नको’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला, कारण न विचारता. पात्रं चार नाही, दोन. मेलेल्याच्या नावापुढे त्याच्या घरचं एक माणूस लिहायचं, आणि वाचलेल्यांपैकी कुणीतरी त्या घरी जाऊन आल्याशिवाय कुणालाच पहिली पातळी नाही. क्लास निवडताना ‘ट्रेझर हंट’चा धडा थोडा घेतला. भुयारात काय केलंस ते प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग ज्यानं त्यानं ठरवायचं. सूत्रधारानं काही ठरवायचं नाही.

वीटभट्टीवाला दोन्ही डाव वाचला. भुयारातून आणलेली एक फुटकी पाटी त्याच्याकडे होती, कुठल्या लिपीतली ते कुणाला कळत नव्हतं. त्यानं जादूगार निवडला. पुस्तकाप्रमाणे त्याची बुद्धी होती आठ, म्हणजे जादूगाराला कमीच. बाकीच्यांनी समजावलं की चोर घे, तुझी चपळाई चौदा आहे, मंत्र टाकशील तेव्हा निम्म्या वेळा फसेल. तो म्हणाला, "फसू द्या." आणि फसलाच. पहिल्याच मंत्राला पिशवीतून तीन निघाला.

घरी निरोप सांगायचा प्रसंग मी पाच मिनिटांचा धरला होता. तो पाऊण तास चालला. सालदाराचं घर कुठलं, मालकाकडे आधी जायचं की बायकोकडे, जाताना हातात काय न्यायचं, यावर वाद झाला. शेवटी वाटणीतल्या नाण्यांतून सालदाराची राहिलेली उचल फेडायची असं ठरलं. नियमपुस्तिकेत नाण्यांचा उपयोग म्हणून दोरखंड, मशाली, तलवारी यांच्या किमती आहेत. उचलीचा आकडा आम्हाला स्वतः ठरवावा लागला. एका मामेभावाला चालू भाव माहीत होता, त्यावरून रुपयाला एक तांब्याचं नाणं धरलं, आणि मग हिशेब लागला की सगळ्यांचे खिसे रिकामे करूनही पुरत नाही.

उन्हाळ्यात पुढचा डाव आहे, तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर, कारण त्याआधी दोघं मोकळे नाहीत. भंडाऱ्याच्या तक्त्यात सध्या ६२ ओळी भरल्यात. पवनी आणि लाखांदूरकडच्या कामांची माहिती मला कमी आहे, त्यामुळे तिकडच्या ओळी पातळ आहेत. नदीवरच्या डोंग्यांची, रेतीची, गोसीखुर्दच्या पाण्यात गाव गेल्यावर लोकांनी धरलेल्या कामांची. गॉन्गफार्मरची जागा अजून रिकामी आहे. तो आकडा निघाला तर काय करायचं, हे पोरांनी आपापसात ठरवून टाकलंय. सोंगटी पिशवीत परत टाकायची आणि पुन्हा काढायची.